जुलाब आणि प्रतिजैविके
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी विचारीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला खाटेवर निजविले.

आपण मात्र जुलाब लागले की आधी मेडिकलमधून गोळी आणतो. दोन गोळ्यांनी बरे वाटले की उरलेली पट्टी फळीवर जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातलीच अर्धी पोराला देतो. यात आम्ही डॉक्टर मंडळीही निर्दोष नाही. रोगी नाराज होऊ नये म्हणून आम्हीही लिहून देतो.

वास्तविक लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविक चालतच नाही. जंतूंमुळे झालेलेही बरेचसे आपोआप थांबतात. मग ते द्यायचे कधी? मुख्यतः दोन वेळा. एक, ताप, पोटात कळा आणि शौचातून रक्त, म्हणजे रक्ती आव. शिगेला हा तिचा जंतू १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधला. त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन तीन दिवसांत हमखास काम करी. आज अनेक ठिकाणी हा जंतू त्याला दाद देत नाही, अझिथ्रोमायसिन द्यावे लागते. फळीवरच्या त्या पट्ट्यांचाच हा प्रताप! रक्त पडत असताना जुलाब बांधणारी गोळी तर घेऊच नये. ई. कोलायच्या एका विषारी जातीत प्रतिजैविकानेच मुलांच्या मूत्रपिंडांना धोका वाढू शकतो. म्हणून रक्त दिसताच दवाखाना गाठावा.

दुसरी वेळ पटकीची. भाताच्या पेजेसारखे जुलाब, काही तासांत माणूस गळून जातो. डॉक्सिसायक्लिनने जुलाब लवकर आटोपतात, पण जीव वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना जस्ताची गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यावी. मागच्या टेबलावर पाणी, साखर आणि मीठ ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी पुढे येऊन स्वतः मोजून पाहावे.