शके १५११, पौष शुद्ध

भंडाऱ्याचा माणूस बऱ्हाणपूरला निघतो तो बहुधा सोयऱ्यांकडे, लग्नकार्याला. वरठीला मुंबईकडची गाडी धरायची, भुसावळला उतरून इटारसीकडच्या गाडीत बसायचं, की तासाभरात तापीकाठचं हे गाव येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण मराठी बोलणाऱ्याचं तिथे अडत नाही.

पाहुण्याला आधी मुमताजची गोष्ट ऐकावी लागते. १६३१ साली ती इथेच वारली, नदीपलीकडे जैनाबादेत तिला तात्पुरतं पुरलं आणि मग आग्र्याला नेलं. ताजमहाल गेला तो गेला. गावाकडे जे उरलं ते त्याहून जुनं आहे : गांधी चौकातली जामा मशीद.

ती बांधवली इथल्या फारुकी राजघराण्यातल्या राजा अली खानाने. त्यालाही आदिलशाह म्हणत, पण विजापूरशी त्याचं नातं नाही. काळा दगड, दर्शनी बाजूला पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार. आणि घुमट? तो नाहीच! कॅलेंडरावरच्या मशिदी मनात धरून आलेला पाहुणा मान वर करून नुसता शोधत राहतो.

आत जायला फारसं काही लागत नाही. चपला बाहेर, अंगभर कपडे, डोक्यावर रुमाल किंवा पदर. शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा टाळाव्यात, कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नये, फोटोआधी विचारावं. देवळात जाणाऱ्याला यातलं निम्मं शिकवावं लागत नाही.

खरी गंमत आत आहे. भिंतीवर अरबी लेख, आणि त्याच्याच सोबतीला देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून. मग फारुकी राजांची वंशावळ, आणि मग तारीख. ती कशी, तर संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध, सोमवार. शिवाय नक्षत्र, योग, करण आणि तिथीच्या घटीसुद्धा. इंग्रजी हिशेबाने १५९० चा जानेवारी. घरी भिंतीवर कालनिर्णय टांगणाऱ्याला ही भाषा परकी वाटायचं कारणच नाही. मशिदीची मिती पंचांग उघडून लिहावी, यात त्या राजाला किंवा त्याच्या पंडिताला काही वावगं वाटलं नसावं.

पुढे राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढला आणि १५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत पडला. मोगलांनी त्याची परतफेड वेगळ्या रीतीने केली. चारच वर्षांत अकबराने त्याच्या मुलाकडून अशीरगड घेतला, फारुकींचं राज्य बुडवलं आणि त्या विजयाचा फारसी लेख याच मशिदीवर कोरवला. वंशावळ आत, तिचा शेवटही त्याच इमारतीवर.

हे सगळं वाचत उभं राहिलं की वेळेचं भान राहत नाही. दुपार कलते, हातपाय धुवायला माणसं हौदाशी जमू लागतात. पाहुण्याने मग भिंतीपासून हळूच मागे सरकावं आणि चपला शोधाव्यात. भुसावळची गाडी काही थांबणार नाही.