गोळीचे वजन आणि जखमी जनावर

(इंदूर येथे मराठी भाषिक श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या शहराच्या सीमेवर रालामंडलची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरील इमारत म्हणजे होळकर राजवटीतील शिकारकोठी. १९८९ साली त्या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेथे एके काळी बंदुका वाजत, तेथे आता सहलीची मुले हिंडतात. अशा गावी मी शिकारीच्या गोळीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार आपल्या देशात संपली. ते योग्यच झाले. तथापि त्याच कायद्याच्या अकराव्या कलमान्वये, माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले काही प्राणी मारण्याची लेखी परवानगी सक्षम वनाधिकाऱ्यास देता येते. माळव्यातील सोयाबीन-हरभऱ्याच्या शेतांत नीलगाई व रानडुकरे उतरली की तशी मागणी होते. परवानगी मिळाली की कोणी तरी घरची रायफल बाहेर काढतो. तीत भरलेली गोळी त्या जनावरास पुरेशी आहे काय, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न शिकाऱ्यापेक्षा गावकऱ्याचा अधिक आहे. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंतील चंपावत येथे एक नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ व कुमाऊं मिळून तिने ४३६ माणसे मारली, असे सांगितले जाते. ती पडल्यावर तिचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. खालचा तर पार हाडापर्यंत गेला होता. ही पूर्वी लागलेल्या गोळीची जखम असून तीमुळेच तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाले, असे कॉर्बेट यांचे मत होते. गोळी झाडणारा आपल्या घरी गेला. किंमत मोजली ती रानात गवत-लाकूड आणावयास जाणाऱ्या बायाबापड्यांनी.

आता वजनाकडे वळू. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या सुमारे निम्मे वजन. साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो. ०.२२ रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या किंचित वर असते. निशाणीचा कागद भेदण्यास ती उत्तम. रानडुकरावर ती झाडणे हा निव्वळ अविचार होय.

मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य नाही. पण एवढा हिशेब मलाही पटला. नळी तीच ठेवून गोळी जड केली, तर ती जाड होऊ शकत नाही, लांबच होते. लांब गोळीच्या पाठीशी वजन अधिक आणि तिला भेदावयाची वाट मात्र तेवढीच अरुंद. म्हणून ती मांसात व हाडात खोल शिरते. हलकी गोळी सुटते वेगाने. शक्तीच्या सूत्रात वेगाचा वर्ग येत असल्याने कागदावर तिची शक्तीही भरघोस दिसते. परंतु खांद्याच्या हाडावर आदळताच ती वरच्या वरच फुटून विखुरण्याचा संभव असतो. जनावर पडत नाही. जखम घेऊन पळते. अर्थात गोळी हवी तेवढी लांब करता येत नाही. नळीतील आट्यांचा पीळ तिला पेलणारा नसेल, तर ती हवेत डगमगते.

लहान व्यासाच्या रायफलने मोठे जनावर मारण्याचे गाजलेले उदाहरण आफ्रिकेतील आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने शेकडो हत्ती ०.२७५, म्हणजे सात मिलिमीटरच्या रायफलने मारले. त्याची गोळी १७३ ग्रेनची, लांब व संपूर्ण धातूच्या कवचाची असे. इतर शिकारी हत्तीसाठी त्याहून पुष्कळ जड गोळी वापरीत. बेलचे नाव पुढे करून लहान रायफलीची भलावण करणारे एक गोष्ट विसरतात. मेंदू नेमका कोठे असतो हे समजण्यासाठी त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून पाहिली होती. ०.२७५ च्याच रायफलने कॉर्बेट यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला. पण बिबट्याचे अंग हलके. त्याला हत्तीची कवचबंद गोळी लागत नाही. उघड्या शिशाच्या टोकाची, अंगात उमलणारी गोळी लागते. गंमत अशी की अशा उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग परिषदेत मनाई झाली, आणि शिकारीत मात्र जनावर लवकर मरावे म्हणून त्याच दयेच्या मानल्या जातात.

आपल्याकडील परवानाधारकांजवळ बहुधा ईशापूर कारखान्याची ०.३१५ ची रायफल असते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तिच्यासाठी मिळणारे काडतूस २४४ ग्रेनच्या, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅमच्या मऊ टोकाच्या गोळीचे आहे. वेग बेताचा, पण वजन भरपूर. जवळच्या अंतरावरील रानडुकरास ही गोळी पुरी पडते. दूरवर उभ्या असलेल्या नीलगाईवर मात्र ती झाडू नये, कारण अंतर वाढताच ती झपाट्याने खाली येते. छर्ऱ्यांची काडतुसे आणि ठासणीच्या बंदुका यांचा तर विचारच नको. माझे मत असे की, परवानगीच्या कागदावर रायफलीबरोबर काडतुसाचा प्रकार व गोळीचे वजनही नोंदवून घ्यावे. जनावर जखमी होऊन पिकात शिरलेच, तर वनखात्यास व गावास तत्काळ कळवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेतात निंदणीस बायका धाडू नयेत.

प्रत्येक वेळी गोळीच हवी असेही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात काळवीट व नीलगाई हेलिकॉप्टरने हाकून नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात घेण्यात आल्या आणि जंगलात नेऊन सोडण्यात आल्या. वस्तीत शिरलेल्या बिबट्यासाठी बेशुद्धीच्या औषधाची सुई बंदुकीतून सोडतात. तेथेही वजनाचा हिशेब सुटत नाही. फक्त तो जनावराच्या वजनाचा असतो. नजरेने वजनाचा अंदाज घेऊन औषध भरावे लागते, आणि अंतर पाहून बंदुकीतील दाब ठरवावा लागतो. दाब अधिक झाला, तर औषध पोचवावयाची तीच सुई हाड मोडते.