घराखालची जमीन



दिवाळी सरली की पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. उचल घेतलेली कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. परदेशी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांना मात्र मार्चअखेर हिशेब द्यायचा असतो. मग त्यांची शिबिरं भरतात ती वाडीवर कुणी नसताना.

महाराष्ट्रात अतिअसुरक्षित मानलेल्या आदिम जमाती तीन: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. मुळशीत जमिनीचा प्रश्न जुना आहे: मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं काय बुडालं हे कोण मोजणार? आज पुण्याची फार्महाऊसं डोंगरापर्यंत पोचली आहेत, आणि कातकऱ्याच्या झोपडीखालची जागा बहुधा दुसऱ्याच्याच मालकीची असते.

परदेशी पैसा इथे कामी येऊ शकतो. कर्जतजवळच्या कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कॅनडाच्या आयडीआरसी या विकास संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या मदतीने रायगड-ठाण्यातल्या वाड्यांचा हाच प्रश्न अभ्यासला. कातकऱ्यांनी स्वतः बसून आपल्या घरांच्या जागेचा विचार केला, गावठाणासाठी अर्ज तयार केले. २०१३ साली त्यावर पुस्तक निघालं. मला हे काम दहा समाजमंदिरांपेक्षा मोलाचं वाटतं. घरातून कुणी उठवणार नाही एवढी खात्री असेल, तरच माणूस मुलाला शाळेत ठेवून मागे थांबेल.

घराखालच्या जागेचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. मूळ भारतातून गेलेल्या रोमा समाजासाठी युरोपात २००५ ते २०१५ हे समावेशनाचं दशक झालं. जागतिक बँक त्यामागे होती, आणि शिक्षण, रोजगार, आरोग्य यांच्याबरोबर घर हा विषयही त्यात होता. तिथेही वस्ती कुणाच्या जागेवर, हा प्रश्न सुटायला फार जड गेला.

आपल्याकडे खर्च कशावर हवा? जातीच्या दाखल्यासाठी, जमिनीच्या मोजणीसाठी, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात सोबत येणाऱ्या माणसाच्या पगारावर. पण २०२० सालच्या कायदेबदलानंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. असा निधी घेण्यासाठी स्वतःची नोंदणी हवी, तर साधारणपणे तीन वर्षांत १५ लाख रुपये खर्च केल्याचा पुरावा लागतो. वाडीवरच्या तरुणांनी तो आणायचा कुठून? तेव्हा नोंदणी असलेल्या संस्थांनी कातकरी मुलामुलींनाच पगारावर घ्यावं, आणि देणगीदारांनी तो पगार भट्टीच्या हंगामातही चालू ठेवावा.