खिडकी : चोरास बंद, घरच्यांस खुली



घरफोडी म्हटली कीं आपलें लक्ष प्रथम दाराकडे जातें. दाराला आपण भारी कुलूप लावतों, आंतून अडसर घालतों आणि निर्धास्त झोपतों. कायदा मात्र खिडकीस विसरलेला नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत घरफोडी म्हणजे काय हें स्पष्ट करतांना जीं उदाहरणें दिलेलीं होतीं, त्यांत एक अगदीं साधें होतें : एखादा इसम गैरहेतूनें दुसऱ्याच्या घरांत खिडकींतून शिरला, तर ती घरफोडी होय. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलांत आली. चोराची वाट मात्र बदललेली नाहीं.

चोर ही वाट कशी निवडतो? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांतील शर्विलक आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. चारुदत्ताच्या घराला भोंक पाडण्यापूर्वीं तो भिंत चांचपून पाहतो. सूर्याला रोज दिलेल्या अर्घ्याच्या पाण्यानें जी जागा क्षार चढून झिजली आहे आणि उंदरांनीं जेथें माती उकरली आहे, नेमकी तीच तो पसंत करतो. चोर घराच्या बळकट भागाशीं झुंजत बसत नाहीं. घरधन्यानें दुर्लक्षिलेली जागा तो शोधतो. त्याला वेळ, आवाज आणि उजेड या तीन गोष्टींचें भय असतें. खिडकीचा बंदोबस्त करावयाचा तो हें ध्यानांत ठेवूनच.

पूर्वींच्या वाड्यांत तळमजल्याच्या जाड भिंतींना रस्त्याच्या बाजूस खिडक्या थोड्या आणि लहान असत. आज आपणांस उजेड हवा, वारा हवा; म्हणून खिडक्या मोठ्या झाल्या. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु मोठ्या खिडकीची निगाही मोठी असावी लागते. पावसाळ्यांत उंबऱ्याशीं पाणी सांचतें, चौकटीचें लांकूड कुजतें, त्यास वाळवी लागते, आणि ग्रिलचे पाय गंजून जातात. गज बोटभर जाड असला, तरी कुजक्या चौकटींत त्याचा कांहीं उपयोग नाहीं. तेव्हां नवीन ग्रिल घेण्यापूर्वीं जुन्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत पेंचकस टोंचून पाहावा. तो सहज आंत रुतला, तर पहिला खर्च चौकटीचा करावा. त्यानंतर ग्रिल कशानें धरलें आहे तें पाहावें. तें बाहेरून लावलेल्या आंखूड स्क्रूंवर लटकत असेल, तर चोराला करवतही लागत नाहीं. ग्रिलचे लोखंडी पाय भिंतींत सिमेंटनें पक्के रोवलेले असावेत आणि स्क्रूंचीं तोंडें बाहेरून फिरवितां येणार नाहींत अशीं करावींत.

आतां गजांविषयीं थोडें गणित सांगतों. दोन्ही टोकांना धरलेल्या गजाची लांबी दुप्पट केली आणि मध्यावर तेवढाच जोर लावला, तर तो आठपट वांकतो. उलट, गोल गजाचा व्यास दुप्पट केला, तर वांकणें सोळाव्या हिश्श्यावर येतें. म्हणून उंच खिडकीस नुसते उभे गज बसविण्यापेक्षां मधोमध एक आडवी पट्टी घालावी, तिला भोंकें पाडून त्यांतून गज ओंवावेत आणि पट्टीचीं टोकें चौकटींत बसवावींत. एवढ्यानें गजाची मोकळी लांबी निम्मी होते आणि थोड्या पैशांत मोठें बळ येतें. दोन गजांमधील अंतर चार इंचांहून, म्हणजे सुमारें १० सेंटिमीटरांहून, अधिक असूं नये.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची खोड निराळी आहे. त्यांची झडप किंचित् वर उचलली, तर ती कधीं कधीं खोबणींतून सबंध बाहेर येते. वरच्या खोबणींत एकदोन स्क्रू असे बसवावेत कीं झडपेला वर उचलण्यास जागाच उरूं नये. आणि रात्रीं खालच्या खोबणींत मापाची एक काठी आडवी ठेवावी, म्हणजे झडप सरकत नाहीं. न्हाणीघरांतील काचेच्या पट्ट्या तर पत्र्याचा चिमटा वांकवून एकेक काढतां येतात. तेथेंही गज हवेतच. काचेविषयीं एक गैरसमज आहे. टफन्ड काच साध्या काचेपेक्षां मजबूत खरी. पण एकदां फुटली कीं तिचे बारीक तुकडे होऊन वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेच्या पोटांत प्लॅस्टिकचा चिवट पडदा असल्यानें ती तडकली तरी जागेवर धरून राहते, आणि चोराचा वेळ जातो.

शिवाय चोराला आंत यावेंच लागतें असें नाहीं. उन्हाळ्यांत उघड्या खिडकीशीं ठेवलेला मोबाईल, पाकीट किंवा किल्ल्यांचा जुडगा काठीला आंकडा बांधून गजांमधून ओढून घेतां येतो. म्हणून खिडकीपाशीं असल्या वस्तू ठेवूं नयेत. खिडकीजवळून जाणारा सांडपाण्याचा नळ, छज्जा, झाडाची फांदी, या चोराच्या शिड्याच होत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनींही त्या पाहून ठेवाव्यात.

येथवर चोराला अडविण्याचा विचार झाला. आतां जें सांगावयाचें आहे, त्यासाठींच खरें म्हणजे मीं हा विषय घेतला. ८ डिसेंबर २०१९ रोजीं पहाटे दिल्लींत अनाज मंडी भागांतील एका इमारतीला आग लागली. तेथें कारखाने चालत आणि कामगार तेथेंच झोपत. अग्निशामक दलाच्या जवानांना खिडक्यांचे गज कापून आंत शिरावें लागलें. त्या आगींत ४३ माणसें मृत्युमुखीं पडलीं, त्यांतील बहुतेक धुरानें गुदमरून. जी जाळी बाहेरच्यास आंत येऊं देत नाहीं, ती आंतल्यासही बाहेर जाऊं देत नाहीं. आपल्या पुष्कळ इमारतींना जिना एकच असतो. तो धुरानें भरला, तर खिडकीवांचून दुसरी वाट उरत नाहीं. आणि त्या खिडकीला आपण चारी बाजूंनीं लोखंड जखडून ठेवलेलें असतें.

यास्तव प्रत्येक घरांत निदान एका खिडकीच्या ग्रिलला माणूस बाहेर पडूं शकेल एवढें दार ठेवावें. त्याच्या बिजागऱ्या आंतल्या बाजूस असाव्यात. त्याला कुलूप जरूर लावावें. परंतु किल्ली त्याच खोलींत ठराविक खुंटीवर टांगावी. बाहेरून हात किंवा काठी पोंचणार नाहीं इतकी ती दूर असावी, आणि मुलांना व वृद्धांना अंधारांतही सांपडेल इतकी जवळ असावी. महिन्यांतून एकदां तें कुलूप घरांतील प्रत्येकाकडून उघडवून घ्यावें, त्यास तेल द्यावें. दाराच्या पुढें कपाट किंवा कुंड्या मांडूं नयेत. ग्रिल करणाऱ्या कारागिरास हें काम पहिल्यापासून सांगितलें, तर खर्च फारसा वाढत नाहीं. मागाहून गज कापून दार करावयाचें म्हटलें कीं आळस होतो आणि तें राहून जातें.

चोरानें नेलेलें द्रव्य पुन्हां मिळवितां येतें. माणूस गेला तर तो परत येत नाहीं. तेव्हां खिडकीचा बंदोबस्त करतांना तिला दोन प्रश्न विचारावेत : बाहेरून ती किती वेळ टिकेल, आणि आंतून ती किती लवकर उघडेल? या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक मिळतील तेव्हांच ती सुरक्षित समजावी.