थोड्या तारा, पुष्कळ आंकडे

वाण्याच्या वजनकाट्यावर धान्याची पिशवी ठेवली कीं, क्षणांत तांबडे आंकडे उजळतात आणि त्यांवर विश्वास ठेवून गिऱ्हाईक पैसे मोजतें. सर्व आंकडे एकाच वेळीं पेटलेले आहेत, असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु अशा पुष्कळ यंत्रांत कोणत्याहि एका क्षणीं एकच आंकडा पेटलेला असतो. बाकीचे अंधारांत आपल्या पाळीची वाट पाहत असतात.

असें कां करावें लागतें? प्रत्येक आंकडा सात पट्ट्यांचा असतो. दशांशचिन्हाचा ठिपका धरला, म्हणजे आठ एलईडी दिवे झाले. चार आंकड्यांचे ३२ झाले. प्रत्येक दिव्यास स्वतंत्र तार द्यावयाची, तर मायक्रोकंट्रोलरला ३२ पिना पाहिजेत. आणि स्वस्त मायक्रोकंट्रोलरला तर एकूण ८ किंवा १४च असतात. घर लहान आणि पाहुणे फार, अशी ही अडचण आहे.

जागा थोडी असली, म्हणजे पंगती उठवाव्या लागतात. येथेंहि तोड तीच आहे. चारही आंकड्यांतील एकाच जागेच्या पट्ट्या एकत्र जोडून आठ तारा करावयाच्या, आणि प्रत्येक आंकड्याची सामाईक तार मात्र निराळी ठेवावयाची. आठ आणि चार मिळून बारा तारांत काम भागतें. पहिल्या आंकड्याची आकृति आठ तारांवर मांडून त्याचीच सामाईक तार चालू करावयाची. अडीच सहस्रांश सेकंदानें ती बंद करून दुसऱ्याची. अशी फेरी सेकंदास १०० वेळां होते. डोळ्यावर उमटलेला प्रकाश तत्काळ पुसला जात नाहीं, म्हणून आंकडे स्थिर भासतात. कॅमेऱ्यास मात्र ही भूल पडत नाहीं. अत्यल्प क्षणांत घेतलेल्या छायाचित्रांत कांहीं आंकडे नाहींसे झालेले दिसतात.

या काटकसरीची किंमत द्यावी लागते. प्रत्येक आंकड्यास चौथाई वेळच मिळाल्यामुळें तो मंद दिसतो. म्हणून तेवढ्या वेळांत प्रवाह अधिक सोडतात. आठ दिव्यांचा एकत्रित प्रवाह पिनेस सोसत नाहीं, यासाठीं सामाईक तारेवर ट्रान्झिस्टर बसवितात. प्रोग्राम मध्येंच थबकला, तर एकाच आंकड्यावर तो वाढीव प्रवाह अखंड राहून दिवे जळण्याची भीति असते. शिवाय एक आंकडा विझण्यापूर्वींच पुढच्याची आकृति तारांवर आली, तर त्याची पुसट छाया पडते आणि ३ चा ८ भासूं शकतो. काट्यावर असा भास म्हणजे कोणाच्या तरी पदरचे पैसे. म्हणून पाळी बदलतांना क्षणभर सर्व दिवे विझवावे, हा नियम चुकवूं नये.

याहून थोड्या पिनांची एक रीत मॅक्सिम कंपनींतील चार्ली ॲलन यांनीं १९९५ सालीं मांडली. एलईडींतून प्रवाह एकाच दिशेनें जातो, आणि पिनेस चालू, बंद व अलिप्त अशा तीन अवस्था देतां येतात. त्यामुळें कोणत्याहि दोन पिनांमध्यें परस्परविरुद्ध दिशांचे दोन दिवे लावतां येतात. सात पिनांवर ४२ दिवे होतात. मात्र जोडणी गुंतागुंतीची होते, आणि एक दिवा बिघडला तर दुसरेहि भलतेच उजळूं शकतात. ज्यास ही कटकट नको, त्यानें ७४एचसी५९५ हा शिफ्ट रजिस्टर घ्यावा. तीन तारांवर तो आठ वाटा देतो, आणि एकापुढें एक जोडल्यास तार न वाढवितां वाटा वाढतात. पिना वाचविण्याची रीत कोणतीहि असो, दिसणारा आंकडा निःसंदिग्ध राहील, हें पाहूनच ती निवडावी.