तारेला डोळे नसतात
(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. बांधीतले पीक निसवू लागले की रानडुकरांचे कळप उतरतात आणि साऱ्या हंगामाची मेहनत एका रात्रीत मातीला मिळते. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत रात्रीची जागल शेतकऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली. अशा वेळी कोणी हताश होऊन धुऱ्यावर उघडी तार ओढतो आणि खांबावर आकडा टाकून तीत वीज सोडतो. डुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी विदर्भात माणसेही मेली आहेत. कधी शेजारी, कधी मजूर, तर कधी खुद्द तार लावणाराच. पुढे खटला उभा राहतो आणि गावात प्रश्न विचारला जातो: आपल्या शेताचे रक्षण करण्याचाही हक्क गरिबाला नाही काय?

हक्क आहे, आणि तो भक्कम आहे. दंडसंहितेचा 1837 चा मसुदा करणाऱ्या मेकॉलेला इथली प्रजा अन्याय फार मुकाट्याने सोसते असे वाटत होते. म्हणून प्रतिकाराचा हक्क त्याने मुद्दाम मोकळ्या हाताने दिला. 1860 च्या संहितेतील ती कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या क्रमांकांनी आली आहेत. खून, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पळून जाता आले असते, एवढ्यावरून तो नाकारला जात नाही. प्राणावर बेतलेल्या माणसाने प्रतिकाराचा प्रत्येक घाव तराजूत तोलून घालावा, अशी अपेक्षाही न्यायालये करीत नाहीत.

परंतु कलम 37 ने या हक्काला दोन कुंपणे घातली आहेत. सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. मालमत्तेच्या बाबतीत मर्यादा अधिक कडक आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा ज्या चोरीत वा नासधुशीत मृत्यूची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती आहे, अशाच प्रसंगी प्राण घेण्याची मुभा आहे. ओंब्या चोरणाऱ्याला ठार मारता येत नाही. डुकराला तर हा हक्क लागूच होत नाही, कारण जनावराच्या हातून गुन्हा घडत नाही. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो. त्यानुसार प्राणरक्षणासाठी जनावर मारणे हा गुन्हा नाही. पिकासाठी मात्र अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा.

तारेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच निकाली काढला. बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी याने परक्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून तेथे विजेची उघडी तार लावली. शेजारची एक स्त्री तिला लागून मेली. मालमत्तेच्या रक्षणाचा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला. विनापरवाना आत शिरणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, हे त्या निकालाचे सार.

यामागचे नीतितत्त्व साधे आहे. समोरचा कोण, त्याचा हेतू काय, धोका टळला की नाही, हे पाहणाऱ्या जागृत माणसाला कायद्याने हा हक्क दिला आहे. तार काही पाहत नाही. चोर, जनावर आणि पहाटे कामाला निघालेली मजूर बाई तिला सारखीच. गांधीजींनी 1920 मध्ये भेकडपणापेक्षा हिंसा पत्करण्याचा सल्ला दिला होता, हे खरे. पण अंधारात तार लावून घरी झोपणे यात शौर्यही नाही आणि प्रतिकारही नाही.

याच विदर्भात 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केले. जमावात कस्तुरबा नगरातील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. वर्षानुवर्षे बलात्कार आणि खंडणी सोसलेल्या या वस्तीचे गाऱ्हाणे पोलिसांनी ऐकले नव्हते. आरोपी 2014 मध्ये पुराव्याअभावी सुटले. मात्र ते कृत्य आत्मरक्षण होते, असा निर्णय त्यातून मिळत नाही. कोठडीतल्या माणसाकडून त्या क्षणी धोका नव्हता. तरीही त्या स्त्रियांना दोष देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच लागेल. यंत्रणेकडे धाव घ्या, असे कायदा सांगतो. पण धाव घेऊनही दार उघडले नाही तर?

धानउत्पादकाचा प्रश्नही हाच आहे. पंचनामा वेळेवर होत नाही, भरपाई नुकसानीला पुरत नाही, आणि मग तो आकडा टाकतो. त्याच्या हताशेची जबाबदारी शासनाची आहे; तारेला लागून मेलेल्या मजुराच्या जिवाची जबाबदारी मात्र तार लावणाऱ्याची राहते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कार्यकर्त्याने एकीच्या आड दुसरी लपवू नये.

म्हणून गावागावांत दोन कामे हाती घ्यावी लागतील. वेळेवर पंचनामा, पुरेशी भरपाई आणि सामुदायिक सौर कुंपण यांसाठी तहसील व वनखात्यावर मोर्चे न्यावेत. योग्य रीतीने बसवलेल्या सौर कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारीत नाही. आणि त्याच गावांत, लोकांचा रोष पत्करूनही, धुऱ्यावरची तार काढायला लावावी. पहिले काम केले नाही, तर दुसरे सांगण्याचा अधिकार उरत नाही. आणि दुसरे टाळले, तर आपलाच मजूर आपल्याच शेतकऱ्याच्या बांधावर मरेल.