वांग्याचं फूल आणि साडेतीनशे डॉलर
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे मिनेसोटात आपल्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात बॅकयार्डमध्ये वांगी, टोमॅटो लावतात. या फुलांतले पराग सहज सुटत नाहीत. वाऱ्याने थोडे काम होते, पण खरे काम करते ती केसाळ, गुबगुबीत बम्बल बी. ती फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग झडतात. युरोपातून आणलेल्या मधमाशीला हे जमत नाही, बरं का!

यातलीच एक, अंगावर गंजासारखा डाग असलेली रस्टी पॅच्ड बम्बल बी, २०१७ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत गेली. २०१९ मध्ये ती आपल्या राज्याची अधिकृत बी झाली. (म्हणजे आजारी पडल्यावर सत्कार!) त्याच वर्षी विधिमंडळाने 'लॉन्स टू लेग्यूम्स' योजनेला ९ लाख डॉलर दिले, तेही लॉटरीच्या नफ्यावर चालणाऱ्या पर्यावरण निधीतून. अंगणात स्थानिक फुलझाडे लावणाऱ्याला तेव्हा ३५० डॉलरपर्यंत खर्च परत मिळे. २५ टक्के वाटा आपला, पण तो श्रमानेही चाले. खणण्याचे तास मोजत. ही अट मला फार आवडली. श्रमदान आपल्याला काय नवीन आहे?

गोची एकच. पैसे आधी खिशातून घालायचे, मग बिले दाखवायची. नुकतेच घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला हे जड जाते. विधिमंडळ दरवर्षी पैसे देईलच असेही नाही. म्हणून माझी सूचना अशी की मंडळाने साडेतीन हजार डॉलरचा फिरता निधी काढावा. अनुदान मंजूर झालेल्या दहा कुटुंबांना त्यातून उचल द्यायची. परतावा आला की तो मंडळाकडे आणि तिथून पुढच्या दहांकडे. देणगी नव्हे, उसनवारी. भाडेकरूंनी घरमालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

"शेजारी तक्रार करतील" असे काहींना वाटते. २०२३ च्या राज्याच्या कायद्याने शहरांना अशा राखलेल्या नैसर्गिक बागांना परवानगी द्यावीच लागते. होम ओनर्स असोसिएशन असेल तर तिचे नियम वेगळे, ते वाचून घ्या.

आणि लावताना मिल्कवीड विसरू नका. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या दुसरे काही खात नाहीत. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातली. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, त्या रुईवर तिकडे मोनार्कचेच केशरी चुलतभाऊ वाढतात. आजी-आजोबा इथे येतील तेव्हा पान तोडून चीक दाखवा, लगेच ओळखतील!

निधीचा हिशोब ठेवायला स्प्रेडशीट मी करून देतो. खणायला मात्र माणसे लागतील. नावांची यादी चहाच्या टेबलावर ठेवली आहे.